शाळेच्या गुणवंत फलकावर कोणाकोणाची नावं लिहावीत?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यात, आष्टी-पाटोद्याच्या पट्ट्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी गणित शिकवते. उन्हाळ्यात शाळेला रंग दिला तेव्हा कार्यालयाबाहेरचा गुणवंत विद्यार्थ्यांचा फलकही पुसला गेला. जुनी नावं वहीत उतरवून ठेवली आहेत. आता पेंटर विचारतोय, काय लिहू?

जुना फलक सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येईलच. वर्ष, नाव, दहावीची टक्केवारी. वर्षाला एक ओळ, एक नाव. हेडसर म्हणाले, तसंच परत लिहून घ्या. मी म्हटलं, सर, आठ दिवस द्या.

थांबवण्याचं कारण गेल्या वर्षीचा आठवीचा एक मुलगा. आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली, मुकादमाची गाडी आली आणि टोळी कारखान्यावर गेली. हा आजीजवळ राहिला. एनएमएमएस या शिष्यवृत्तीची परीक्षा साधारण डिसेंबरात असते, म्हणजे घर रिकामं झाल्यावर महिना-दीड महिन्याने. सकाळी शेळ्यांचं बघायचं, आजीला पाणी आणून द्यायचं आणि दहाच्या आत शाळेत. जादा तास मी शाळा सुटल्यावर घ्यायचे, त्यातला एकही त्याने चुकवला नाही.

एक दिवस ठोकळ्याचं उदाहरण चाललं होतं. सगळ्या बाजूंनी रंगवलेल्या ठोकळ्याचे सारखे २७ तुकडे केले, तर दोनच बाजू रंगलेले तुकडे किती? वर्गातल्या निम्म्या मुलांना चित्र दिसेना. दुसऱ्या दिवशी हा घरून मोठा बटाटा घेऊन आला. चारी बाजूंनी तासून चौकोनी केलेला आणि वरून कुंकवाचं पाणी लावलेला. बाकावर वर्तमानपत्र अंथरलं आणि पट्टीने मोजून सुरीने कापला. कोपऱ्यांचे ८ तुकडे वेगळे काढले, कडांचे १२ वेगळे, मधल्या बाजूंचे ६ वेगळे. राहिला तो अगदी आतला, पांढराफटक. तो चिमटीत धरून म्हणाला, "मॅडम, याला कुणीच रंग लावला नाही." त्या दिवसानंतर ते उदाहरण वर्गात कुणाचं चुकलं नाही.

निवड यादीत त्याचं नाव आलं. त्याच्या घरात परीक्षा देऊन मिळालेला हा पहिला पैसा. आणि आमच्या फलकावर त्याच्यासाठी रकानाच नाही. पुढे दहावीत तो पहिला येईल का? बहुतेक नाही, इंग्रजी कच्चं आहे. म्हणजे त्याचं नाव शाळेच्या भिंतीवर कधीच येणार नाही?

तुमच्या शाळांत काय लिहितात? काय लिहायला हवं होतं असं वाटतं? सांगा.

गोदाकाठ

ताई, बटाटा वाचून अंगावर काटा आला. त्या मुलाचं नाव लिहाच.

जुनाविद्यार्थी

मुद्दा पटला, पण दुसरी बाजू मांडतो. आमच्या शाळेच्या फलकावर माझं नाव आहे, १९९४च्या ओळीत. वडील हमाली करायचे. निकालानंतर शाळेत आले तेव्हा पेंटरने नुकतंच नाव लिहिलं होतं. वडिलांना वाचता येत नव्हतं. मला म्हणाले, "कुठली ओळ तुझी?" मी दाखवली. त्यांनी त्या ओळीजवळ हात नेला आणि ओल्या रंगाला लागू नये म्हणून बोटभर अंतरावर थांबवला.

तेव्हा फलक रुंद करा, पण दहावीचा पहिला नंबर काढू नका. गरिबाघरच्या पोराला तीच एक गोष्ट कुणाच्या शिफारशीशिवाय मिळते.

पाटीपेन्सिल

दादा, काढायचं माझ्या मनात नव्हतंच, पण मी तसं स्पष्ट लिहायला हवं होतं. दहावीचं नाव राहीलच. प्रश्न त्याच्या शेजारी कोण, एवढाच आहे.

एसटीचा_पास

एनएमएमएस म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत नसेल, म्हणून थोडं लिहिते. मी स्वतः या शिष्यवृत्तीवर शिकले, आता डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे.

परीक्षा आठवीत. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतल्या मुलांना बसता येतं. सातवीला ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना त्यात सवलत आहे. पालकांचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवं. पेपर दोन. बौद्धिक क्षमता चाचणी आणि शालेय क्षमता चाचणी, प्रत्येकी ९० प्रश्न, ९० मिनिटं. शालेयमध्ये विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५ आणि गणित २०. देशभरात एक लाख मुलं निवडतात, त्यात महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ आहे. आपल्याकडे परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते.

मिळतात वर्षाला १२,००० रुपये, नववी ते बारावी चार वर्षं. एकूण ४८,०००. शहरात हा आकडा कुणाला मोठा वाटणार नाही. आमच्या घरी मात्र माझ्या लग्नाची बोलणी नववीतच सुरू झाली होती. आईने वडिलांना सांगितलं, "सरकार तिला शिकायचे पैसे देतंय, बारावीपर्यंत देणार आहे, मध्येच काढली तर ते बंद होतील." बारावीपर्यंत विषय थांबला. तोवर मी डिप्लोमाचा फॉर्म भरला होता.

परीक्षेत पात्र ठरूनही निवड यादीत न बसलेल्या मराठा-कुणबी मुलांना सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ९,६०० रुपये. यादीत नाव नाही म्हणून निराश होऊन बसू नका, शाळेत विचारा.

कार्यालयीन

मी एका माध्यमिक शाळेत लिपिक आहे, बावीस वर्षं झाली. फलकाबद्दल मत नंतर देतो, आधी एक महत्त्वाची गोष्ट.

निवड झाली की पेढे वाटतात, सत्कार होतो. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण करायचं असतं हे कुणाच्या लक्षात राहत नाही. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर दरवर्षी अर्ज भरावा लागतो. आधी शाळा पडताळणी करते, मग जिल्हा. खातं मुलाच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं हवं. मोबाईल नंबर बदलला, ओटीपी येईना, मूल आईबापाबरोबर कारखान्यावर गेलं, असं काहीही झालं की अर्ज राहतो. नववीतून दहावीत पहिल्याच प्रयत्नात जावं लागतं. अकरावीत चालू राहायला दहावीला ६० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५५. अकरावीला कॉलेज बदललं की नव्या कॉलेजातून अर्ज करावा लागतो. सगळ्यात जास्त मुलं इथेच गळताना मी पाहिली आहेत. जुनी शाळा म्हणते मूल आता आमचं नाही आणि नव्या कॉलेजला ते शिष्यवृत्तीवालं आहे हे ठाऊकच नसतं.

माझ्या टेबलाच्या काचेखाली एक कागद असतो. एनएमएमएसच्या प्रत्येक मुलाचं नाव, चार चौकोन आणि घरचे दोन नंबर. अर्ज मंजूर झाला की चौकोनात टिक. शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आलेल्या पालकाला त्या कागदावरून सांगितल्याशिवाय मी दाखल्यावर शिक्का मारत नाही.

पाटीपेन्सिल

सर, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही सुचेना.

मी आधी ज्या शाळेत होते तिथली एक मुलगी निवडली गेली होती. तिचा सत्कार मीच घडवून आणला, तिच्या आईच्या हाती नारळ दिला. नववीचे पैसे आले. दहावीचं नूतनीकरण राहिलं. मला वाटलं कार्यालय करेल, कार्यालयाला वाटलं वर्गशिक्षक करतील. डिसेंबरात ती विचारायला आली, "मॅडम, या वर्षीचे पैसे नाही आले." तोवर पोर्टल बंद झालं होतं. ती नंतर एकदाही काही बोलली नाही, हेच मला जास्त लागलं. दहावी झाली ती, पण पुढचा पत्ता मला माहीत नाही.

तुमच्या त्या चार चौकोनांचा फोटो इथे टाकाल? नावं झाकून.

रानवाट

खो-खोबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी धाराशिव जिल्ह्यात शालेय संघांना शिकवतो.

गावच्या शाळेला हा खेळ का परवडतो? दोन खांब रोवा, फक्कीने रेघा मारा, झालं मैदान. संघ बाराचा, मैदानात नऊ. पाठलागाला आठ जणी पाटीवर आलटूनपालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववी धावते. पाहणाऱ्याला धावणारी दिसते. मी पोरींना आधी बसायला शिकवतो. टाच उचललेली, हाताची बोटं जमिनीवर, वजन पुढे. पाठीवर थाप आणि "खो" एकदमच आलं पाहिजे आणि थाप पडताक्षणी कंबर उठली पाहिजे, आधी नाही. हे एवढं जमायला एक पावसाळा जातो. खांबाजवळचा सूर त्याच्या पुढचा. कोपराची सालं निघतात, पोरी त्यावर हळद लावून दुसऱ्या दिवशी हजर.

आमच्याच जिल्ह्यातल्या सारिका काळेंना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. १९ जानेवारी २०२५ला दिल्लीत पहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, भारताच्या महिलांनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, पुरुषांनी ५४-३६. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. आमच्या पोरींनी तो सामना एका मोबाईलवर पाहिला, चौदा डोकी एका पडद्यावर. संपल्यावर कुणी ओरडलं नाही. उठल्या आणि अंधार पडेपर्यंत मैदानात पळत राहिल्या.

आता फलकाचं. विभागापर्यंत गेलेला संघ लिहायचा तर बाराही नावं लिहा. "खो-खो संघ, विभागात उपविजेता" एवढंच लिहून मोकळे होऊ नका. पाटीवर बसून राहिलेल्या मुलीचं नाव कर्णधाराइतकंच ठळक हवं. आणि खेळाडूंचे दहावीचे क्रीडा गुण शाळेने प्रस्ताव पाठवला तरच मिळतात. नुसत्या प्रमाणपत्राने मिळत नाहीत. ते कामही वेळेत करा.

गोदाकाठ

धावपटू अविनाश साबळे हे पाटीपेन्सिल ताईंच्याच आष्टी तालुक्यातले ना? मांडव्याचे. लहानपणी शाळेसाठी सहा किलोमीटर चालत-पळत जायचे. २०२२ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुलात स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीचं रौप्य, वेळ ८:११.२०. सहज मनात आलं, तेव्हाच्या फलकांत अशा मुलासाठी रकाना कुठे असणार?

पाटीपेन्सिल

हो, आमच्याकडे पाचवीचं पोरही ते नाव सांगतं. पण सगळे काही साबळे होणार नाहीत. सहा किलोमीटर चालत येऊन दहावीपर्यंत टिकलेल्या बाकीच्यांसाठीही मला जागा हवी आहे.

चितारी

निवृत्त कलाशिक्षक. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा विसरू नका. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. इंटरमिजिएटला अ श्रेणी असेल तर दहावीला ७ गुण वाढतात, ब ला ५, क ला ३. पण मला गुणांचं सांगायचं नाही.

एक मुलगा होता, वर्गात तोंड उघडत नसे. स्थिरचित्राला मी तांब्या, दोन वांगी आणि घडी विस्कटलेला टॉवेल ठेवला होता. सगळ्यांनी वांगी जांभळी रंगवली. याच्या वांग्यावर एका कडेला हिरवट उजेड होता. विचारलं तर म्हणाला, "सर, खिडकीबाहेर लिंब आहे ना, त्याचा रंग पडलाय." मी खाली वाकून त्याच्या जागेवरून पाहिलं. खरोखर पडला होता. तीस वर्षं त्या वर्गात वांगी मांडत होतो, मला दिसला नव्हता.

त्याला अ श्रेणी मिळाली. दहावीत गणितात राहिला, पुरवणीला निघाला. फलकावर अर्थातच नाव नाही. आज तालुक्यात दुकानांच्या पाट्या रंगवतो आणि अक्षर असं काढतो की थांबून वाचावं. शाळेच्या भिंतीवर इतरांची नावं लिहायलाही त्यालाच बोलावतात.

एसटीचा_पास

चितारी सर, शेवटचं वाक्य वाचून घशाशी आलं.

सीमेपलीकडे

बेळगावहून लिहितोय, मराठी माध्यमाच्या हायस्कुलातून. आमची दहावी कर्नाटक बोर्डाची, ६२५ गुणांची. पहिली भाषा १२५ ची, बाकी पाच विषय शंभराचे. आमच्या शाळेच्या फलकावर एकूण गुणांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आहे, "मराठीत सर्वाधिक". कन्नडचा वेगळा. दोन्ही नावं बऱ्याचदा एकाच मुलीची असतात. तुमच्याकडे विषयवार नावं लिहिता येतील का, बघा.

कोपीवरची

मी बोलू का? माझं शिक्षण नववीपर्यंत. आईबापाबरोबर ऊसतोडीला जायचे, कोपीत म्हणजे झोपडीत राहायचे, मार्चला पट्टा पडला, हंगाम संपला की परत. शाळा भरलेली असायची, पण माझी हजेरी मधूनच तुटलेली. एका वर्षी मॅडमनी माझं नाव पटावर ठेवलं आणि वहीत दर आठवड्याचा अभ्यास लिहून दिला. मी मोळ्या बांधून झाल्यावर करायचे. परत आले तेव्हा वही भरलेली होती. मॅडमनी ती वही वर्गाला दाखवली. भिंतीवर नाव आलं नाही तरी चालेल, पण ती वही दाखवलेली मी अजून विसरले नाही. आता माझी मुलगी सातवीत आहे. मी तिला सोबत नेत नाही, हंगामी वसतिगृहात ठेवते.

पाटीपेन्सिल

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. पुढच्या वर्षी मुलगी आठवीत येईल. जूनमध्येच एनएमएमएसचं विचारा. तिची शाळा अनुदानित किंवा जिल्हा परिषदेची असेल तर तिला बसता येईल. काही अडलं तर मला इथेच सांगा.

रानवाट

मुलींच्या प्रवासाचंही सांगून ठेवतो. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, मुलांना एक तृतीयांश भाडं पडतं. पण पास असून उपयोग नाही, गाडी वेळेवर हवी. सरावानंतरची शेवटची गाडी गेली तर पोरगी घरी कशी जाणार? माझ्या दोन चांगल्या खेळाडू आईबापाच्या विरोधामुळे सुटल्या असं लोक म्हणतात. मला विचाराल तर साडेपाचची गाडी बंद झाली म्हणून सुटल्या. मुख्याध्यापकांच्या पत्रासह आगारात तीन वेळा गेलो तेव्हा गाडी परत सुरू झाली. त्या दोघी मात्र परत आल्या नाहीत.

विज्ञानवाटा

इन्स्पायर मानक राहिलं, मुलांच्या विज्ञानातल्या कल्पनांसाठीची केंद्राची योजना. शाळा मुलांच्या पाच कल्पना पाठवू शकते, निवडलेल्या कल्पनेला १०,००० रुपये मिळतात, नमुना बनवायला. बरेच जण ऐन वेळी इंटरनेटवरून काहीतरी उतरवून पाठवतात, मग निवड कशी होणार?

आमच्या नववीतल्या मुलीने कोयत्याची मूठ केली होती. आईच्या तळहाताला घट्टे पडायचे. तिने सायकलची जुनी ट्यूब कापून मुठीवर गुंडाळली, आत काथ्या भरला, बोटं बसतील अशा खाचा ठेवल्या. तीन मुठी वाया गेल्या. चौथी आईने दोन दिवस वापरली आणि सांगितलं, "घाम आला की फिरते." मग तिने खाली चामड्याची वादी लावली. जिल्ह्याच्या पुढे ती गेली नाही, परीक्षकांना त्यात फारसं विज्ञान दिसलं नाही. मला तरी चार नमुने आणि वापरणाऱ्याचं मत एवढं पुरेसं विज्ञान वाटतं. आई आजही तीच मूठ वापरते.

जुनाविद्यार्थी

हे सगळं वाचल्यावर माझं मत थोडं बदललं. रकाने जितके करायचे तितके करा. फक्त एक करा, "इतर" असा रकाना करू नका. ज्याचं नाव, त्याच्यापुढे त्याने काय केलं ते पूर्ण लिहा.

कार्यालयीन

पूर्ण अनुमोदन. फोटो टाकतोय, नावं झाकली आहेत. पाटीपेन्सिल मॅडम, आमच्याकडे सगळे चारही चौकोन भरतात असं समजू नका. गेल्या आठ वर्षांत दोन मुलांचे राहिले. त्यांच्यापुढे मी लाल शाईने कारण लिहून ठेवलं आहे.

पाटीपेन्सिल

आठ दिवस झाले, काय ठरलं ते सांगते.

शनिवारी समितीची बैठक झाली. हेडसरांना मी हा धागा छापून दिला होता. पहिली दोन पानं त्यांनी उभ्यानेच वाचली, मग खुर्ची ओढून बसले. एका सदस्यांचा विरोध होता, एवढी नावं लिहिली तर किंमत राहणार नाही म्हणाले. हेडसरांनी त्यांना कोपीवरच्या ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यानंतर चहा आला आणि पुढची चर्चा भिंतीच्या मापाची झाली.

कार्यालयाबाहेरचा फलक दहावीचा, पूर्वीसारखाच, जुन्या सगळ्या नावांसह. त्याच्या शेजारी जिन्यापर्यंतची अख्खी भिंत मोकळी आहे, ती या वर्षापासूनची. दरवर्षी मुलांची नावं आणि त्यांनी काय केलं त्याची एकेक ओळ. एनएमएमएस, खेळ, चित्रकला, इन्स्पायर, जे असेल ते. खो-खोच्या बाराही जणी आल्या. मराठीत सर्वाधिक, हेही घेतलं. नावात मुलाच्या नावापुढे आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. आणि एक ओळ हंगामात मागे राहून वर्षभर शाळेत आलेल्या मुलांची. ती नावं हजेरीपटावरून काढली, अकरा निघाली.

चार चौकोनांचा कागद भिंतीवर नाही, आत लावला आहे, माझ्या आणि लिपिकांच्या मधल्या कपाटाच्या दारावर. नववीची आणि दहावीची मुलं घेतलीच, पण इथून बाहेर पडून अकरावी-बारावीत गेलेली पाचजणंही घेतली. त्यातल्या दोघांचे नंबर लागत नाहीत. रविवारी एकाच्या गावी जाऊन येते.

पेंटर गुरुवारी येणार. बटाट्यावाल्याच्या आईचं नाव जनरल रजिस्टरात एक आणि आधारवर दुसरं आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, "आईलाच विचारतो." पट्टा पडायला अजून वेळ आहे, आई कारखान्यावरच आहे आणि फोन मुकादमाकडे असतो, तोही रात्री आठनंतर. पेंटरला सांगितलंय, ती एक जागा सोडून बाकीचं लिहा.